स्वतःला इजा करून घेण्याआधीच्या तासाभरात मनात काय चाललेलं असतं

हॉस्टेलला असताना माझा एक रूममेट होता, भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालायचा आणि बाह्या कधी म्हणजे कधी दुमडायचा नाही. एकदा कपाटावरून बॅग काढताना बाही वर सरकली, मला दिसलं, आणि मी पटकन बोलून गेलो, "अरे वेडा आहेस का तू? हे काय करून घेतलंयस?" त्याने बाही खाली ओढली, हसला, काहीतरी थातूरमातूर कारण सांगितलं आणि पुढचे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला तेव्हा वाटत होतं की मी काळजीपोटी बोललो, काळजी होतीच, पण ते वाक्य किती चुकीचं होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि बरंच वाचावं लागलं. जे कळलं ते सोप्या भाषेत लिहायचा प्रयत्न करतोय.

एक आधीच सांगतो, यात कशाने, कुठे, कसं असलं काहीही लिहिणार नाहीये, ते वाचून कुणाचंच भलं होत नाही. आणि तुम्ही स्वतः आत्ता फार वाईट अवस्थेत असाल तर हे वाचणं राहू दे, आधी कुणाला तरी फोन करा, घरचं माणूस, मित्र, डॉक्टर, तुमच्या भागातली हेल्पलाइन, कुणीही चालेल. लेख काय, नंतर पण वाचता येईल.

तर आधी सेल्फ हार्म म्हणजे नेमकं काय ते बघू. मी ज्याबद्दल लिहितोय ते म्हणजे मरायचा हेतू नसताना, जाणूनबुजून स्वतःच्या शरीराला इजा करून घेणं. टॅटू, कान टोचणं यात येत नाही. मानसिक आजारांचं निदान करायला अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचा जो जाडजूड ग्रंथ वापरतात, डीएसएम, त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत याला पहिल्यांदा स्वतःची अशी वेगळी जागा मिळाली, ती पण "याचा अजून अभ्यास व्हायला हवा" या विभागात. त्याआधी हे मुख्यतः बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (भावना, नाती आणि स्वतःची ओळख सतत अस्थिर राहण्याचा आजार) एक लक्षण म्हणून मोजायचे, म्हणजे कुणी असं करतोय कळलं की त्याच्यावर तो शिक्का बसायची शक्यता जास्त. आता माहितीये की डिप्रेशन, अँझायटी, खाण्याशी संबंधित आजार, लहानपणी झालेले अत्याचार अशा बऱ्याच गोष्टींशी याचा संबंध असतो, आणि काही जणांना तर कुठलंच निदान लागू होत नाही.

आणि हे दुर्मिळ पण नाहीये. २०१४ साली वेगवेगळ्या देशांतल्या बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले गेले तेव्हा आयुष्यात कधी ना कधी असं केलेल्यांचं प्रमाण किशोरवयीन मुलामुलींमध्ये साधारण १७ टक्के, तरुणांमध्ये १३ टक्के आणि त्याहून मोठ्यांमध्ये साडेपाच टक्के निघालं. १३ टक्के म्हणजे तीस जणांच्या वर्गात चार जण. सुरुवात बऱ्याचदा १२ ते १४ या वयात होते, म्हणजे बावीस वर्षांचा जो मुलगा आज तुमच्या शेजारच्या डेस्कवर बसलाय त्याने हे दहा वर्षं लपवलेलं असू शकतं. मुलींमध्ये प्रमाण थोडं जास्त दिसतं, पण लोकांना वाटतं तितका मोठा फरक नाहीये. मुलग्यांचं बऱ्याचदा रागाच्या खात्यात जमा होतं, "तापट आहे तो" म्हणून सोडून देतात, कुणी खोलात जातच नाही.

आता मूळ प्रश्न, का?

संशोधकांनी यासाठी एक चांगली पद्धत वापरली. वर्षभरानंतर "तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं" असं विचारलं तर माणूस अंदाजाने सांगतो, म्हणून त्यांनी लोकांना मोबाइल किंवा तसलं छोटं उपकरण दिलं आणि दिवसातून बऱ्याच वेळा विचारलं की आत्ता, या क्षणी काय वाटतंय. त्यातून जे चित्र दिसलं ते असं की इजा करण्याच्या आधी नकोशा भावना चढत जातात आणि नंतर उतरतात. डेव्हिड क्लॉन्स्की नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००७ मध्ये तोपर्यंतचे अभ्यास तपासले तेव्हा लोक स्वतः जी कारणं सांगतात त्यात सगळ्यात वर हेच होतं, सहन न होणारी भावना कमी करणं. त्याच्याखालोखाल स्वतःला शिक्षा करणं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला जे वेडेपणाचं वाटतं ते आतून बघितलं तर कोंडमाऱ्यातून बाहेर पडायची धडपड असते, मार्ग चुकीचा आणि महागात पडणारा, पण धडपड खरी.

हा कोंडमारा कसा तयार होतो ते जरा जवळून बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. समजा एक मुलगी आहे, एकवीस वर्षांची. रात्री पावणेदहाला तिने मैत्रिणीला मेसेज केला, वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. साधी गोष्ट. दहा मिनिटांनी ती परत बघते. मैत्रीण ऑनलाइन आहे. मग ती स्वतःचा मेसेज परत वाचते, त्यात काही चुकलं का, मग मागच्या आठवड्यातलं काहीतरी आठवतं, मग दोन वर्षांपूर्वीचं, मग "माझ्याबरोबर कुणीच टिकत नाही", मग "मीच तशी आहे". साडेअकरापर्यंत मेसेजचा विषय कुठल्या कुठे गेलेला असतो आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं झालेलं असतं. एडवर्ड सेल्बी आणि सहकाऱ्यांनी याचं एक मॉडेल मांडलंय, इमोशनल कॅस्केड, धबधब्यासारखं. तेच तेच उगाळत बसल्यामुळे भावना वाढते, भावना वाढली की लक्ष तिच्यावरून हलत नाही, लक्ष हललं नाही की आणखी उगाळलं जातं. हे चक्र इतकं वेगात फिरायला लागतं की माणसाला काहीतरी जोरदार लागतं, जे लक्ष खस्सकन दुसरीकडे ओढेल. शरीराची वेदना तेच करते. म्हणून तिला ट्रिगर विचारला तर ती म्हणेल "काही नाही, मेसेजचा रिप्लाय आला नाही" आणि ऐकणारा म्हणेल "एवढ्याशा गोष्टीवरून?" तर एवढ्याशा गोष्टीवरून नसतंच ते, मधले पावणेदोन तास कुणी मोजत नाही.

या पावणेदोन तासात नेमक्या कोणत्या भावना असतात? दुःख असेल असं आपण धरून चालतो. असतं, पण मला वाचताना जाणवलं की त्याहून जास्त वेळा भेटतात त्या म्हणजे लाज, स्वतःवरचा राग आणि सुन्नपणा.

लाजेचं आधी. अपराधीपणा आणि लाज यात फरक आहे, अपराधीपणात "मी चूक केली" असतं, लाजेत "मीच चूक आहे" असतं. चूक केली असेल तर माफी मागता येते, दुरुस्त करता येते, पण मीच चूक असेन तर करायचं काय? तिथून शिक्षेची गोष्ट सुरू होते. हार्वर्डच्या जिल हूली यांनी या बाजूवर बरंच काम केलंय, स्वतःबद्दलची कठोर टीका. त्यांच्या मांडणीत प्रश्न उलटा केलाय आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लोक असं का करतात हे विचारण्याआधी बाकीचे का करत नाहीत ते बघा. भावना कमी व्हाव्यात असं तर सगळ्यांनाच वाटतं. बहुतेक जण थांबतात कारण मध्ये काही अडथळे असतात, आणि त्यातला एक मोठा अडथळा म्हणजे स्वतःबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल असलेली साधी माया. दुखू नये म्हणून आपण आपोआप हात मागे घेतो ना, तीच. ज्याला वर्षानुवर्षं घरात किंवा शाळेत टोमणे, मारहाण, तुलना हेच मिळालंय, किंवा बाहेरून कुणी काही न बोलता पण ज्याच्या डोक्यात चोवीस तास स्वतःला शिव्या घालणारा आवाज चालू आहे, त्याची ही माया झिजलेली असते. त्याला वाटतं, मला हेच पाहिजे, माझी हीच लायकी. हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंत ना तर हसण्यावारी नेऊ नका.

राग म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्यावरचाच, पण तो काढायची परवानगी नाही. बापावर चिडता येत नाही, बॉसवर चिडता येत नाही, जोडीदारावर चिडलं तर तो सोडून जाईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं, मग राग वळतो आणि हाताशी असलेल्या एकाच माणसावर येतो.

आणि सुन्नपणा हा तर भावनांच्या बरोबर उलटा वाटतो पण तो त्यांचाच शेवटचा टप्पा असतो कधी कधी. फार वेळ फार जास्त वाटलं की मन बधिर होतं, स्वतःकडे लांबून बघतोय असं वाटतं, आवाज काचेपलीकडून आल्यासारखे येतात. त्या अवस्थेतले लोक सांगतात की काहीतरी जाणवावं म्हणून केलं. हे भयंकर एकटं वाटणारं असतं, आणि बाहेरून माणूस अगदी शांत दिसतो, म्हणून कुणाला संशय पण येत नाही.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त पटली. भावना तीव्र असणं हा अर्धाच भाग झाला, उरलेला अर्धा भाग म्हणजे त्या भावनेला नाव नसणं. अलेक्सिथायमिया असा एक शब्द आहे, १९७० च्या दशकात पीटर सिफनिऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी ग्रीक शब्द जोडून बनवलेला, अर्थ साधारण "भावनेसाठी शब्द नसणं". अशा माणसाला कसं वाटतंय विचारलं तर तो म्हणतो माहीत नाही, आणि तो टाळत नसतो, त्याला खरंच माहीत नसतं, त्याला फक्त छाती जड झालेली, हात थरथरलेले, पोटात ढवळलेलं कळतं. ज्यांना भावना ओळखायला, सांगायला जमत नाही त्यांच्यात सेल्फ हार्म जास्त दिसतो असं अनेक अभ्यासांत आलंय. शब्दात निघत नाही ते शरीरावर निघतं. आपल्या भाषेत बघा किती शब्द आहेत, घुसमट, तगमग, हुरहूर, कासावीस, खजील, ओशाळं, उद्विग्न, पोरकं, आणि आपण दिवसभर वापरतो काय तर "मूड ऑफ" आणि "टेन्शन". मी शब्दांचं कौतुक करायला लिहीत नाहीये हे, त्याचा उपयोग आहे. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमने लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून रागावलेले घाबरलेले चेहरे दाखवले, तेव्हा चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव द्यायला लावलं तरी मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डाला, थोडा शांत झालेला दिसला. नुसतं नाव दिल्याने.

यात आणखी एक गाठ असते, भावना आल्याचीच भावना. वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय याचा राग येतोय, आणि "बाकीच्यांना किती त्रास आहेत, मला काय एवढं झालंय" म्हणून परत लाज वाटतेय. हे लोक शिकतात कुठून? मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांची थिअरी यावर आहे. काही माणसं जन्मतःच जास्त हळवी असतात, लवकर पेटतात आणि उशिरा विझतात, आणि अशा मुलाला जर सतत "रडायला काय झालं", "नाटकं बंद कर", "एवढं मनावर घ्यायचं नसतं" ऐकायला मिळालं तर ते मूल दोन गोष्टी शिकतं, एक, मला जे वाटतंय ते खोटं आहे, दोन, फार मोठं काही केल्याशिवाय कुणी ऐकत नाही. ऐकवणारे आईबाप दुष्ट असतात असं मुळीच नाही, बऱ्याचदा त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं. या लिनेहान बाईंनीच डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी तयार केली, आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः याच सगळ्यातून गेल्या होत्या. मला हे वाचून फार बरं वाटलेलं.

मग किशोरवय संपल्यावर विशीतही हे इतकं का दिसतं? एक तर मेंदू. आवेग आवरणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो, भावनांचं इंजिन मात्र कधीच जोरात चालू झालेलं असतं. आणि नेमक्या याच वयात सगळं अंगावर येतं, घर सुटतं, पहिलं मोठं नातं तुटतं, नोकरी मिळत नाही किंवा मिळते आणि झेपत नाही, मी नेमका कोण हा प्रश्न डोक्यात असतो, आणि आता मोठा झालास म्हणून विचारणारं कुणी उरत नाही. शाळेत असताना निदान बाईंना कळायचं की पोरगं गप्प झालंय.

"लक्ष वेधायला करतात" हे तर जिकडेतिकडे ऐकू येतं. मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टीन यांनी २००४ मध्ये कारणांचे चार गट मांडले, नकोशी भावना घालवणं, काहीतरी जाणवून घेणं, एखादी नकोशी परिस्थिती टाळणं आणि दुसऱ्यांकडून काही मिळवणं, म्हणजे मदत, लक्ष, आधार. हा शेवटचा गट आहे, नाही असं नाही, पण लोक जास्त करून पहिलीच कारणं सांगतात. आणि बहुतेक जण लपवतात हो, आटापिटा करून लपवतात. आणि समजा कुणी केलंच लक्ष मिळावं म्हणून, तर ज्याला साध्या शब्दात मदत मागता येईना त्याची अवस्था काय असेल? लक्ष द्या ना मग.

आराम मिळतो तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. आराम टिकत नाही. वेदना ओसरताना मेंदूला सुटल्यासारखं वाटतं आणि त्याबरोबर मनाचा ताण पण थोडा वेळ उतरतो, यावर प्रयोग झालेत, पण मूळ मेसेज, मूळ भांडण, मूळ एकटेपण जागच्या जागी असतं. वर नवीन लाज येते. ती लपवायची म्हणून माणूस लोकांपासून लांब जातो, लांब गेला की एकटेपणा वाढतो, एकटेपणा वाढला की पुढच्या वेळी कोंडमारा आधीच अर्धा भरलेला असतो. शिवाय मेंदू शिकतो, की असं झालं की असं करायचं, आणि बाकीचे रस्ते वापरात न राहिल्यामुळे बुजत जातात. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, हा आत्महत्येचा प्रयत्न नसतो हे खरं, पण पुढे जाऊन आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांचा धोका या लोकांमध्ये वाढलेला असतो. म्हणून "मरायचं नव्हतं ना, मग ठीके" असं म्हणून विषय बंद करू नका. मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात ती कल्पना घुसते ही भीती खरी नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर किंवा आपत्कालीन मदत.

उपचार आहेत. डीबीटी आहे, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) आहे, सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर त्याची औषधं असतात. डीबीटीत शिकवतात ते बघितलं तर वर लिहिलेल्या एकेका गोष्टीवरचं उत्तर आहे, भावनेला नाव कसं द्यायचं, लाट अंगावर आली की ती ओसरेपर्यंत कसं तरून राहायचं, भांडण न होता मागायचं कसं. लाट हा शब्द मुद्दाम वापरला, कारण ती ऊर्मी बहुतेक वेळा तशीच येते, चढते, आणि काही न करता पण उतरते, बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत. त्या वेळात खोलीबाहेर पडणं, थंडगार पाण्याने तोंड धुणं, दमेपर्यंत भराभर चालणं, कुणाला तरी फोन लावणं यातलं काहीही चालतं. जे काही हाताशी ठेवलं असेल ते आधीच लांब करणं, हे पण.

आणि जवळच्यांसाठी. शपथा घालू नका, "परत केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील" वगैरे तर अजिबात नको, त्याने फक्त लाज वाढते आणि लपवणं जास्त पक्कं होतं. रोज हात तपासू नका. जखम असेल तर आधी तिच्यावर शांतपणे उपचार, मग बोलणं. आणि बोलताना "का केलंस" ऐवजी "त्याच्या आधी काय झालं होतं रे?" विचारून बघा. पहिल्या प्रश्नाला आरोपीसारखं उत्तर द्यावं लागतं, दुसऱ्याला गोष्ट सांगता येते.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा. कॉलेज संपल्यावर दोनेक वर्षांनी मी त्या रूममेटला फोन केला आणि सांगितलं की त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला तो आता एका थेरपिस्टकडे जातोय. त्यानंतर एकदा रात्री साडेबाराला त्याचा फोन आला, म्हणाला, "बोलू नकोस काही, फक्त चालू ठेव." मी चालू ठेवला. पलीकडे तो जिने उतरताना ऐकू येत होता, मग गेटचा आवाज, मग नुसती चालण्याची चपलांची फटफट, मध्ये एक कुत्रं भुंकलं. पंचवीस मिनिटांनी म्हणाला, "गेलं. झोपतो आता." मी विचारलं, आधी काय झालं होतं? म्हणाला, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं.